हात लागला होता

दादा, तुझी शिट्टी कालपासून माझ्या गळ्यात आहे. काढायची राहून गेली. दोरीला तुझ्या घामाचा वास अजून आहे. आई सकाळपासून दोनदा जवळून गेली, तिनं पाहिलं, पण काढ म्हणाली नाही.

तुला जाऊन महिना व्हायचा आहे. शाळेच्या शोकसभेत हेडमास्तरांनी तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी शाळेतली नोकरी, तुझा शांत स्वभाव असं सगळं वाचून दाखवलं. शांत स्वभाव म्हणे! माझ्याशी भांडताना तुझा आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत जायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. तर ते सगळं सांगून झालं आहे. मला फक्त आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते तू अर्धं टाकून गेलास, आणि खेळ चालू असताना न विचारता मैदान सोडणं नियमात बसत नाही, हे तूच आम्हा पोरींना घोकून घोकून शिकवलं होतंस.

भांडण तसं साधं होतं. तुझं म्हणणं, पुरुषांचा फुटबॉल आणि बायकांचा फुटबॉल हे दोन वेगळे खेळ आहेत. माझं म्हणणं, खेळ एकच आहे, खेळणारे वेगळे आहेत. यावर आपण किती चहा गार केला असेल! तू जळगाव जामोदच्या मंडळाचा सेंटर हाफ, मधल्या फळीचा खांब. साऱ्या तालुक्यात फुटबॉलचे कायदे तुझ्याइतके कुणाला येत नसत. आणि मी तुझी धाकटी बहीण, विमल, जिला तूच अंगणात रबरी चेंडू टाकून लाथ मारायला शिकवलीस आणि मग आयुष्यभर त्याचा पस्तावा केल्याचं नाटक केलंस.

"माणसायचा बॉल एका लाथेत इकडून तिकडं जाते," तू म्हणायचास. "मंग बावीस जन त्याच्या मांगं धावते. तुमच्या पायात थो जोर नाई. म्हनून तुमाले पास द्या लागते. गेमच येगळा हाय थो."

"मंग बरा कोनता हाय?" मी विचारायची.

"येगळा म्हनलं मी. बरा-वाईट कुठी म्हनलं?"

कुठेतरी बायकांचे सामने भरायला लागले आहेत असं पेपरात आलं, तेव्हा तूच तो कागद शाळेत घेऊन आलास आणि आठवी-नववीच्या, मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या अशा पोरी गोळा केल्यास. सलवारीचे पाय मोज्यांत खोचून आम्ही सकाळी शाळा भरायच्या आधी मैदानावर यायचो. मंडळानं तोंडी परवानगी दिली होती. आणि तिथेच तुझ्या त्या सवलती सुरू झाल्या. बायकांचा हाफ लहान. बायकांचा बॉल लहान. आणि छातीकडे बॉल आला तर दोन्ही हात आडवे धरले तरी चालेल, फाउल नाही. हे सगळं तू कुठून ऐकून आला होतास देव जाणे, पण शिकवलंस मन लावून. बॉल छातीच्या उंचीवर फेकायचास आणि ओरडायचास, "हात घ्या! हात घ्या!" शकुंतला तेव्हा नवीन होती. वाळक्या काडीसारखी पोरगी, फुलबॅक. तिच्याकडून तू ते इतक्या वेळा करून घेतलंस की पुढे पुढे नुसती चिमणी अंगावरून गेली तरी तिचे हात वर यायचे.

मला त्या हातांचा राग यायचा. एकदा चहाच्या वेळी मी तुला म्हटलं, "आमाले सवलत देता, अन् तुमी माणसं फ्री किकच्या येळी भिंत करून उभे राह्यता तवा तुमचे हात कुठी असतात, थे साऱ्या गावाले दिसते. थ्याले सवलत नाई म्हनत का कोनी?" तुला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला आणि आई चुलीपुढून उठून आली. "काऊन हासून राह्यले बे?" तिनं विचारलं. आपण दोघंही सांगू शकलो नाही.

पण त्याच शब्दावरून एकदा तू खरंच चिडलास. मी म्हटलं होतं, सवलत म्हणजे अपमान आहे. तू ओट्यावर बुटाचे बंद सोडत होतास. हात थांबले. तुला नोकरी लागली तेव्हा मंडळातल्याच एकानं चारचौघांत म्हटलं होतं, सवलतीतून लागला. ज्याच्या पासवर त्यानं गोल केले होते त्या माणसाला. तू तेव्हा काही बोलला नव्हतास. त्या दिवशी मला बोललास.

"सवलत भीक नाई, विमल. ज्याले मांगून सोडलं, थ्याच्यासाठी लाइन पुढं आखा लागते. घ्याची. ताठ मानेनं घ्याची. लाज त्यायले वाटाले पायजे, ज्यायनं मांगं उभं केलं."

"अन् कोनाले नसन पायजे तं?"

तू बूट काढून भिंतीशी ठेवलेस. मग म्हणालास, "मंग थ्याची मर्जी. घेनाऱ्याची मर्जी असते थे. पन मंग साऱ्याच गोष्टीत नाई म्हना लागते. अर्धं नाई."

हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरून गेले. तू विसरला नव्हतास.

त्या हिवाळ्यात, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे लागल्या होत्या तेव्हा, मंडळाचे सेक्रेटरी नानासाहेब यांना आमचं खेळणं डोळ्यांवर यायला लागलं. सकाळी मैदानाच्या कुंपणावर लोक जमतात, पोरींना पाहतात, मंडळाचं नाव जातं, असं त्यांचं म्हणणं. लोक जमतात तर लोकांना हाकला, असं आई म्हणाली. पण आईला कोण विचारतो! खरं तर तिला विचारायला हवं होतं. दुष्काळाच्या कामावर ते मैदान सपाट झालं तेव्हा मातीच्या पाट्या तिनं आणि वस्तीतल्या बायकांनी वाहिल्या होत्या. मजुरीबरोबर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन. पुरुष मग त्याच्यावर बूट घालून उतरले.

नानासाहेबांनी तुला बोलावून निकाल सांगितला. "गावासमोर एक मॅच खेळा. जिंकल्या तं सकाळचं मैदान पोरींचं, मी सोता लिहून देतो. हारल्या तं इषय संपला."

सकाळचं मैदान गेलं तर खेळ गेला, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरी जागा नव्हती. घराघरांतून "शाळेच्या आधी तासभर" एवढ्यावरच परवानग्या मिळाल्या होत्या.

सामना शेगावच्या मुलींशी ठरला. त्या एसटीनं आल्या, त्यांच्या एक मॅडम आणि कॅप्टन कुसुम. उंच, सावळी, सेंटर हाफ, तुझ्यासारखीच चालायची, खांदे थोडे पुढे टाकून. रेफ्रीचा प्रश्न निघाला. कायदे येणारा माणूस एकच, आणि तो आमचाच गुरुजी, वर आमच्या कॅप्टनचा, म्हणजे माझा, सख्खा भाऊ. मॅडम कां कू करायला लागल्या. कुसुमनं तुझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "चालन. सर वाजवतीन ते खरं."

कडुलिंबावर पोरं चढली होती, कुंपणाला माणसं लटकली होती, नानासाहेबांची खुर्ची टाकली होती. तू मध्ये उभा राहिलास आणि सवलती सांगायला लागलास. हाफ लहान. हात चालतील. मी तुला थांबवलं. म्हटलं, आम्हाला पुरुषांचे कायदे पाहिजेत. पूर्ण वेळ, मोठा बॉल, हात नाही. आधी काही ठरलं नव्हतं, पण कुसुम लगेच म्हणाली, आम्हालाही. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग नव्हता तो.

"दोघीबी?"

"हाव," आम्ही म्हणालो.

"मंग रडाचं नाई," तू म्हणालास, आणि शिट्टी तोंडात धरलीस.

पहिला हाफ आठवतो का तुला? लोक पहिली दहा मिनिटं हसले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी आमच्या नावानं हाका मारल्या. मग हळूहळू हसणं कमी होत गेलं. आम्ही पास देत होतो. छोटे, पायातून पायात. कुसुम ते तोडत होती आणि परत देत होती. कुंपणावरचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अरे, ह्या तं खेळून राह्यल्या!" आणि तेवढ्यात आमचा एक फटका शेगावच्या गोलसमोर त्यांच्या एका मुलीच्या छातीकडे गेला आणि तिनं दोन्ही हात आडवे घेतले. बॉल हातांवर आपटून बाहेर गेला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू कॉर्नरकडे बोट दाखवलंस.

मी धावत तुझ्या अंगावर आले. सगळं गाव पाहत होतं. "हात होता! पेनल्टी हाय थे!" तू खाली पाहत म्हणालास, "सवय. ध्यानात राह्यलं नाई." सवय! गोल होऊ शकला असता. मैदान आमचं झालं असतं. त्या क्षणी तू मला भाऊ वाटला नाहीस, मंडळाचा माणूस वाटलास.

हाफ टाइमला मी तुझ्याकडे निघाले तर कुसुम माझ्या आधी पोचली होती. पदरानं तोंड पुसावं तशी बाहीनं घाम पुसत होती. "सर, माह्या पोरीचा हात लागला होता. तुमी वाजवाले पायजे होती." मी म्हटलं, "अन् आता जिचा लागंन तिच्यावर वाजवजो. कोनाची बी असो." हे माझे शब्द आहेत, दादा. मीच म्हणाले. तू आमच्या दोघींकडे पाहिलंस आणि फक्त मान हलवलीस.

दुसरा हाफ इतका ताणला गेला की लोकांनी बिड्या पेटवायचं सोडलं. कुणाच्या पायात पेटके आले, कुणाचा गुडघा फुटला, पण कुणी बाहेर गेली नाही. शून्य-शून्य. मला वाटायला लागलं, बरोबरी झाली तर नानासाहेब काय म्हणतील, याचं तर काही बोलणं झालंच नाही. आणि तेव्हाच कुसुमनं बॉल उचलून मारला, जवळून, आमच्या गोलसमोर, सरळ शकुंतलाच्या छातीवर.

तिचे हात वर आले. यायचेच होते. तू आणले होतेस ते वर, रोज सकाळी, कितीतरी महिने.

शिट्टी वाजली.

कुंपणावरून एकच गलका झाला. "जाऊ द्या न गुरुजी, पोरगी हाय!" "आपलीच हाय थे!" नानासाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. शकुंतला आपल्याच हातांकडे पाहत उभी होती. तू बॉल उचललास, पेनल्टीच्या खुणेवर ठेवलास आणि मागे सरकलास. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. कुसुमनं गोल केला. आम्ही हरलो.

मग मी जे ओरडले ते साऱ्या गावानं ऐकलं. "थे तूच शिकवलं होतं तिले! तूच!" शकुंतला जमिनीवर बसून रडत होती. तू शिट्टी खिशात घातलीस आणि शेगावच्या मॅडमांना एसटीपर्यंत पोचवायला गेलास.

घरी आलास तेव्हा ताट वाढलेलं होतं. मी विचारलं, पुरुषांच्या मॅचला अशी वाजवली असतीस का? आपल्या लोकांवर वाजवून गावाला दाखवायचं होतं का, की आमचा भाऊ कुणाची बाजू घेत नाही? तू ताटाला हात लावला नाहीस. भिंतीला टेकून बसलास आणि म्हणालास, "हात लागला होता." बस्स. तेवढंच. मला वाटलं, भांड ना आता! रोज भांडतोस, आज भांड. तू भांडला नाहीस. त्या दिवसाची ती शांतता मला तुझ्या कुठल्याही आरडाओरड्यापेक्षा जास्त लागली.

मैदान गेलं. नानासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी फाटकाला कुलूप घातलं. आणि तिसऱ्या सकाळी तू बॉल काखेत मारून दारात उभा, "चाल, नाल्यात वाळू हाय." गावाबाहेरच्या त्या कोरड्या नाल्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचे. बॉल दोन हात गेला की थांबायचा. पोरी आल्या, सगळ्या नाही, पण आल्या. शकुंतला आठवडाभर आली नाही. मग एका सकाळी येऊन काठावर बसली, आणि तू तिला काही न विचारता बॉल तिच्या छातीच्या उंचीवर फेकलास. "हात मांगं," तू म्हणालास. "पाठीमांगं धर. छातीवर झेल. दुखते थोडं. हो का नाई?" तिनं झेलला. तू पुन्हा फेकलास. तू लावलेली सवय तूच काढत बसला होतास, आणि मी माझा राग घेऊन दुसऱ्या टोकाला उभी होते.

त्यानंतर तू मंडळाच्या मॅचला शिट्टी वाजवलीस, पण मंडळासाठी कधी खेळला नाहीस. गुडघा दुखतो, असं आईला सांगायचास. मंडळाचे लोक बोलवायला आले की त्यांनाही तेच. वाळूत आमच्याबरोबर धावताना तो गुडघा कधी दुखला नाही. मी पाहत होते, दादा. तुझ्याएवढ्या फुटबॉलवेड्या माणसानं आपलं खेळणं सोडलं, आणि कुणाला कळू दिलं नाही. मी एकदा तरी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, गुडघाच दुखतो, आणि मी म्हणाले असते, खोटारडा, आणि आपलं बोलणं पूर्वीसारखं सुरू झालं असतं. दोन वर्षं आपण भांडलो, पण त्या शिट्टीबद्दल नाही. तिच्या भोवतीभोवतीनं.

मग ती कावीळ. आधी गळ्यात झाडपाल्याची माळ, मग पथ्याचं ताक, मग अकोल्याचा दवाखाना. डोळे हळदीसारखे झाले होते तुझे. मी रोज ठरवून यायची, आज विचारते. त्या दिवशी खरंच का वाजवलीस, एवढंच. कॉटजवळ आले की काहीतरी वेगळंच निघायचं. शेवटच्या दिवशी तूच विषय काढलास. आवाज बारीक झाला होता, पण सूर तोच.

"तुमचा गेम येगळाच हाय, विमल. माणसायचा गेम धावते. तुमचा दिसते. कोन कोनाले देऊन राह्यली, कोन कुठी जाऊन राह्यली, सारं दिसते."

इतकी सुंदर गोष्ट कुणी आमच्या खेळाबद्दल बोललं नव्हतं. आणि मी काय म्हणाले? "हे बी सवलतच हाय. कौतुकाची."

तू हसलास. हसताना दुखलं तुला, पोटावर हात गेला. म्हणालास, "उद्या भांडू."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी नानासाहेब आले. पांढरे कपडे, हातात फुलं. बाबांपुढे बसून म्हणाले, गुरुजींच्या नावानं मॅच ठेवू, मंडळाची, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. बाबांनी मान हलवली. मग नानासाहेब उठायला लागले आणि परत बसले. काहीतरी अडलं होतं. शेवटी म्हणाले, "रेफ्री कोन, हे काई सुचून नाई राह्यलं. थेच तं वाजवत होते आतालोक."

आई आतून म्हणाली, "विमल वाजवंल."

"बाईमाणूस? माणसायच्या मॅचले?"

आई दारात आली. "त्या मैदानाची माती कोनी वाह्यली, नानासाहेब? तवा नाई इचारलं तुमी, बाईमाणूस का माणूस म्हनून."

नानासाहेबांनी टोपी सारखी केली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाहू मंग. नीट वाजवली तं सकाळच्या मैदानाचं बी बोलू." फाटकाच्या कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्याला नाही तर कंबरेच्या करदोट्याला असते, असं पोरी म्हणतात. मला ती तेव्हा दिसल्यासारखीच वाटली. नीट वाजवली तर. नीट म्हणजे कशी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही कळलं नाही असं नाही.

तर काल मी तुझी शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उतरले. दोन वर्षांनी. आपल्या नाल्यावरच्या साऱ्या पोरी कडुलिंबाखाली उभ्या होत्या, शकुंतला पुढे. सुरुवातीला माझी शिट्टी कुणाला ऐकूच जात नव्हती, फुंकर घालत असल्यासारखी वाजत होती. माणसं मला "ताई, सांभाळून" म्हणत होती, जशी मीच काचेची. आणि तुझं एक बरोबर होतं, ते कबूल करते. बॉल एका लाथेत इकडून तिकडे जात होता आणि सगळे त्याच्यामागे धावत होते. मीही धावत होते. धाप लागेपर्यंत.

शेवट जवळ आला तेव्हा एक-एक बरोबरी होती. बिनलग्नाच्यांच्या गोलसमोर मी फ्री किक दिली. त्यांनी भिंत केली, थेट पेनल्टीच्या चौकोनात. मध्यभागी प्रमोद, नानासाहेबांचा पुतण्या. हात कुठे होते ते तुला माहीत आहे. मला तुझ्या नाकात गेलेला चहा आठवला आणि मी हसू दाबलं. मग फटका बसला, आणि बॉल खाली न जाता सरळ प्रमोदच्या तोंडावर आला. त्याचे हात खालून वर आले. बॉल हातांवर आपटला.

किल्ली माझ्या डोळ्यांपुढे होती, दादा. खोटं बोलत नाही. कुलूप, किल्ली, पोरींचे वाळूनं सोललेले घोटे, सगळं होतं. आणि तरी शिट्टी वाजून गेलेली होती. ती मी वाजवली की तिनंच वाजवून घेतली, सांगता येत नाही.

"ताई, तोंड वाचवलं मी!" प्रमोद ओरडला. "जाऊ द्या न ताई, शोकाची मॅच हाय," कुणीतरी कुंपणावरून म्हणालं. सगळे माझ्याभोवती आले. मी बॉल उचलला, खुणेवर ठेवला आणि मागे सरकले. तेवढ्या चार पावलांत मला कळलं की त्या दिवशी तू किती एकटा होतास. सगळं गाव होतं, घरची माणसं होती, आणि जवळ कुणीही नव्हतं. आणि त्यात मी ओरडत होते. शकुंतलाकडे पाहावंसं वाटलं, पण पाहिलं नाही. म्हणून तू माझ्याकडे पाहिलं नव्हतंस, हे मला काल समजलं. पाहिलं असतंस तर बॉल हातातून सुटला असता.

गोल झाला. लग्नवाले जिंकले. लोक पांगले. नानासाहेब खुर्चीत बसून होते, मी जवळून निघाले तर हाक मारली. रागावलेले होते, पण त्या रागात काहीतरी विचारायचं होतं त्यांना.

"आमच्याच पोरावर वाजवली. सकाळच्या मैदानाचा इचार तरी कराचा होता." मग हळू आवाजात, "खरंच लागला होता का व हात?"

मला त्यांना सगळं समजावून सांगायचं होतं. हात आधीपासून तिथे असले तर वेगळं, खालून वर बॉलकडे गेले तर वेगळं. तोंड वाचवायचं कळतं, तरी नियम नियम आहे. हे सगळं तू मला पाठ करून घेतलं होतंस. पण तोंडातून निघालं ते एवढंच:

"हात लागला होता."

तुझाच आवाज होता तो, दादा. तसाच सपाट. आणि जो प्रश्न मी दवाखान्यात रोज घेऊन यायची आणि रोज परत न्यायची, त्याचं मला उत्तर मिळालं. तू गावाला काही दाखवत नव्हतास. निःपक्षपातीपणाही नाही. शिट्टी वाजते तेव्हा डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नसते. आम्ही दोघींनी सवलत नको म्हटलं, तू आमचं म्हणणं खरं मानलंस, आणि शेवटपर्यंत खरं मानलंस, आम्हाला महाग पडेपर्यंत. मला, कुसुमला, शकुंतलाला, सगळ्यांना. त्या मैदानावर आम्हाला खेळाडू मानणारा पहिला माणूस तू होतास, आणि मी त्याच माणसावर ओरडले. तुझे उपकार मानायचे राहिले होते. आता मानते. ऐकायला तू नाहीस, याचा मला फार राग येतो आहे.

मैदान मिळेल की नाही माहीत नाही. नानासाहेबांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज सकाळी पोरी नाल्यावर जमल्या होत्या. शकुंतलानं विचारलं, शिट्टी आणली का. मी गळ्याला हात लावून दाखवली.

तर आता ऐक. शकुंतलाचे हात वर आले आणि प्रमोदचेही आले. एकाच भीतीनं, एकाच जागी, आणि एकच शिट्टी दोघांवर वाजली. खेळ एकच आहे, दादा. तू हरलास. उद्या भांडू म्हणाला होतास, तर हे माझं शेवटचं म्हणणं, आणि यावर तुला काही बोलता येणार नाही. मंग रडाचं नाई, असं त्या दिवशी तू म्हणाला होतास. बाकी सगळे नियम पाळले तुझे. तेवढा एक मला जमत नाही.